तांबेरा हरतो, पण किती वर्षं?

महाराष्ट्रात किराणा दुकानात गहू मागितला की दुकानदार आधी विचारतो, "लोकवन देऊ की सिहोर?" हा लोकवन म्हणजे मूळचा लोक-१. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतांत उतरला. ठसठशीत दाणा, लवकर हाती येणारं पीक आणि मऊ राहणारी पोळी या तीन गुणांवर त्याने गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र जिंकला. चाळीस वर्षं उलटून गेली तरी बाजारात त्याचं नाव चालतंच. शेतात मात्र त्याची एक दुखरी बाजू आहे. तांबेऱ्यापुढे तो आता टिकत नाही.

जानेवारीच्या अखेरीस ओंब्या बाहेर पडलेल्या असतात, दाण्यात चीक भरत असतो. अशा वेळी रोगट रानातून चालत गेलं की पॅंटच्या पायांना नारिंगी-तपकिरी भुकटी लागते. पान उचलून उन्हात धरलं तर त्याच्या वरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे गोल फोड दिसतात. बोट फिरवलं की ते फुटतात आणि बोट रंगतं. ही भुकटी म्हणजे 'पक्सिनिया ट्रिटिसिना' या बुरशीचे बीजाणू. गव्हावर तांबेरा तीन प्रकारचा येतो. खोडावरचा काळा तांबेरा सगळ्यांत विध्वंसक. पट्ट्यांसारखा दिसणारा पिवळा तांबेरा थंड हवेचा, म्हणून तो पंजाब, हरियाणा आणि हिमालयाच्या पायथ्याला जास्त छळतो. पानावरचा नारिंगी तांबेरा मात्र गहू पिकतो तिथे जवळपास सगळीकडे पोचतो.

पीक तो एका रात्रीत झोपवत नाही. तो पान खातो, आणि त्यातही सगळ्यांत वरचं पान, म्हणजे ओंबीला लागून असलेलं ध्वजपान. दाण्यात भरणाऱ्या पिठाचा मोठा वाटा याच पानाच्या कमाईतून येतो. ते आधीच वाळलं तर दाणा बारीक, सुरकुतलेला निघतो आणि वजन घटतं. रोग उशिरा आला तर नुकसान थोडक्यात निभावतं, लवकर आला तर निम्म्यापर्यंतही पीक जाऊ शकतं.

बीजाणूला आत शिरायला पानावर काही तास टिकणारं दव आणि पंधरा ते वीस अंश सेल्सिअसच्या आसपासची गार रात्र लागते. ओल्या पानावर तो अंकुरतो, त्याचा तंतू पानभर सरकत जाऊन पर्णरंध्र शोधतो आणि त्या फटीतून आत उतरतो. आत पेशींच्या भिंतीला भोक पाडून तो एक शोषक अवयव आत खुपसतो आणि पेशीचं अन्न ओढू लागतो. आठ-दहा दिवसांनी पानाची साल फोडून नवा फोड वर येतो आणि रोज हजारो बीजाणू हवेत सोडू लागतो. या सगळ्यात एक गोष्ट महत्त्वाची आहे: ही बुरशी फक्त जिवंत पेशीवर जगते. पेशी मेली की तिचीही उपासमार होते.

गव्हाची बरीचशी प्रतिकारशक्ती या एका मर्मावर उभी आहे. काही वाणांत असं जनुक असतं की बुरशीने पेशीत खुपसायला सुरुवात केली की ती पेशी स्वतःच मरून जाते. शेजारच्या दोन-चार पेशीही मरतात. पानावर जेमतेम दिसणारा फिकट ठिपका उरतो आणि बुरशी तिथेच संपते. पानावरच्या तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकांना शास्त्रज्ञांनी 'एलआर' हे आद्याक्षर आणि क्रमांक दिले आहेत: एलआर १, एलआर ९, एलआर २४, एलआर २६ अशी ही यादी आता ऐंशीच्या घरात गेली आहे.

रोगप्रतिकार हा वारशाने मिळतो, तोही मेंडेलच्या नियमाने, हे पहिल्यांदा गव्हातच दिसलं. मेंडेलचं काम १९०० साली पुन्हा उजेडात आलं आणि केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्यावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगाला बळी पडणारा आणि न पडणारा असे दोन गहू त्यांनी संकरित केले. संकराच्या दुसऱ्या पिढीत साधारण तीन रोगट झाडांमागे एक निरोगी झाड निघालं. निरोगीपणा हा मातीचा किंवा नशिबाचा खेळ नसून बीजातच असतो आणि तो एका वाणातून दुसऱ्यात नेता येतो, हे त्यातून सिद्ध झालं. पैदासकारांच्या हाती एक नवं हत्यार आलं.

हे हत्यार बोथट का होतं, याचं उत्तर मिळायला आणखी चार दशकं लागली. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात हॅरल्ड फ्लोर जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होते. झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीतलं एक जनुक जुळतं, असं त्यांनी दाखवलं. झाडाचं जनुक गावच्या वेशीवरच्या रखवालदाराचं काम करतं, पण त्याला एकच चोर चेहऱ्यावरून ठाऊक असतो. त्या चोराने चेहरा बदलला की रखवालदार जागेवर उभा असूनही उपयोगाचा राहत नाही. बुरशीच्या बाबतीत हा चेहरा म्हणजे तिने पेशीत सोडलेलं एखादं प्रथिन. ते बनवणाऱ्या जनुकात एखादा उत्परिवर्तनाचा फरक पडला, किंवा ते जनुक बंदच झालं, की गहू बुरशीला ओळखत नाही.

असा फरक क्वचितच पडतो. पण एकरभर रोगट गव्हावरून हवेत जाणाऱ्या बीजाणूंची संख्या एवढी प्रचंड असते की क्वचित म्हणजे जवळजवळ नक्कीच. शिवाय लाखो एकरांवर एकच वाण आणि त्यात एकच जनुक असेल, तर चेहरा बदललेल्या त्या एका बीजाणूला पुढचं सगळं रान मोकळं मिळतं.

भारताने हे हरितक्रांतीच्या काळातच भोगलं. मेक्सिकोतून आलेल्या बियाण्यातून निवडलेला कल्याणसोना १९६७ मध्ये प्रसारित झाला आणि बघता बघता उत्तर भारतातल्या बागायती रानांवर पसरला. उत्पादन विक्रमी आलं. पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुरशीचे नवे प्रकार उभे राहिले आणि ज्या पिकाकडे देश आशेने पाहत होता त्याच पिकावर नारिंगी भुकटी बसू लागली. कल्याणसोनाची जागा सोनालिका या दुसऱ्या वाणाने घेतली, पुढे तीही रोगाला बळी पडू लागली.

यातून एक अफलातून कल्पना पुढे आली. कल्याणसोनासारखीच दिसणारी, पण प्रत्येकात तांबेऱ्याविरुद्धचं वेगळं जनुक असलेली भावंडं तयार करायची आणि त्यांचं बी मिसळून पेरायचं. बुरशीला एक रोप सापडलं तरी शेजारचं रोप तिला अडवणार. १९७०च्या दशकाच्या अखेरीस असे काही 'बहुवंशी' वाण भारतात प्रसारितही झाले. शास्त्र पक्कं होतं, पण एकेक भावंड घडवायला लागणाऱ्या वर्षांत जास्त उत्पादन देणारे नवे वाण बाजारात आले आणि शेतकरी तिकडे वळले.

दुसरा मार्ग होता नव्या जनुकांच्या शोधाचा. गव्हाच्या रानटी नातलगांमध्ये प्रतिकाराचा खजिना आहे, पण ही झाडं गव्हाशी सहजी संकरित होत नाहीत. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात अर्नेस्ट सीअर्स यांनी एजिलॉप्स या रानटी गवताचा प्रतिकार गव्हात आणण्यासाठी क्ष-किरणांचा मारा करून गवताच्या गुणसूत्राचा तुकडा तोडला आणि तो गव्हाच्या गुणसूत्राला जोडला. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम वनस्पतीशास्त्रातलं एक अभिजात उदाहरण मानलं जातं. त्यातून मिळालेल्या जनुकाला पुढे एलआर ९ नाव मिळालं. अमेरिकेत ते असलेले वाण शेतात गेल्यावर काही वर्षांतच बुरशीने त्यावर मात केली.

राय या धान्याच्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडाही असाच गव्हात आला. त्यात एलआर २६ सोबत काळ्या आणि पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचीही जनुकं होती. एका दगडात तीन पक्षी! जगभरच्या पैदासकारांनी हा तुकडा उचलला आणि पंजाब-हरियाणात गाजलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही तो होता. आज एलआर २६ भारतात निष्प्रभ आहे, आणि त्याच तुकड्यातल्या काळ्या तांबेऱ्याच्या जनुकावर युगांडात १९९०च्या दशकाच्या अखेरीस सापडलेल्या 'यूजी ९९' या प्रकाराने मात केली.

उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या मैदानात पारा चाळिशी ओलांडतो, गव्हाचं हिरवं पान औषधालाही राहत नाही, तरी दर रब्बीत तांबेरा पुन्हा येतो तो कुठून? याचं उत्तर आग्र्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या करमचंद मेहता यांनी शोधलं. वर्षानुवर्षं हवेतले बीजाणू पकडून त्यांनी दाखवलं की मैदानात बुरशी उन्हाळ्यात मरते, पण हिमालयाच्या आणि दक्षिणेकडच्या निलगिरी, पळणीच्या थंड डोंगरांत ती गव्हावर तग धरते आणि हिवाळ्यात वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येते. पुढे एस. नागराजन आणि सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रं आणि वाऱ्यांच्या नोंदी जुळवून दक्षिणेचा रस्ता रेखाटला. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरावर वादळ उठलं की निलगिरीतून उचललेले बीजाणू मध्य भारतावर पावसाबरोबर उतरू शकतात. नर्मदेच्या खोऱ्यात तांबेऱ्याने केलेली धूळधाण एकोणिसाव्या शतकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवली आहे, आणि १९४६-४७ मध्ये मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने गव्हाचा पुरता चुराडा केला होता.

महाराष्ट्र याच दक्षिणेकडच्या वाटेवर येतो. म्हणून इथल्या गहू संशोधनाचा भर पहिल्यापासून पानावरच्या आणि खोडावरच्या तांबेऱ्यावर राहिला. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या केंद्रात केनियातल्या प्रतिकारक गव्हाचा स्थानिक वाणांशी संकर करून 'केनफाड' मालिका तयार झाली ती याच चिंतेतून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं महाबळेश्वरला 'गहू गेरवा संशोधन केंद्र' आहे, गेरवा हे तांबेऱ्याचंच दुसरं नाव. पर्यटक जी गार, दमट हवा खायला महाबळेश्वरला जातात, तीच हवा या बुरशीला मानवते. मैदानात गहू नसताना तिथे तो वाढवून रोगापुढे उभा करता येतो.

अशा केंद्रांवर रोग मुद्दाम वाढवला जातो. तपासायच्या वाणांच्या ओळींभोवती आग्रा लोकलसारखा हमखास बळी पडणारा गहू पेरतात आणि त्यावर बीजाणू फवारतात. तो पेटला की मधल्या ओळींची खरी परीक्षा सुरू होते. शास्त्रज्ञ पानं बघत ओळींमधून फिरतात आणि वहीत '४०एस' किंवा '१०एमआर' असं लिहीत जातात. ४०एस म्हणजे पानाचा चाळीस टक्के भाग फोडांनी व्यापलेला आणि फोड मोठे, म्हणजे वाण रोगाला बळी पडणारा. १०एमआर म्हणजे दहाच टक्के आणि फोड लहान, म्हणजे मध्यम प्रतिकारक. देशभरच्या केंद्रांवरचे असे आकडे जमवून मगच वाण प्रसारित करायचा की नाही हे ठरतं.

दुसरी परीक्षा सिमल्यात होते. देशभरातून रोगट पानं तिथल्या फ्लॉवरडेल केंद्रात जातात. प्रत्येक नमुन्यातली बुरशी वेगवेगळी जनुकं असलेल्या गव्हांच्या ठरावीक संचावर टोचतात आणि साधारण दोन आठवड्यांनी कुठलं रोप टिकलं, कुठलं बळी पडलं ते पाहतात. त्यावरून बुरशीचा प्रकार ठरतो. नव्वदच्या दशकापासून बरीच वर्षं '७७-५' या प्रकाराचं भारतात राज्य होतं. एलआर १९ या जनुकावर मात करणारा प्रकारही भारतात सापडला, आणि तो सापडला तेव्हा ते जनुक असलेला कुठलाच वाण इथल्या शेतकऱ्यांकडे नव्हता. म्हणजे नवं हत्यार शेतात जाण्याआधीच त्यावरचा उतारा इथल्या हवेत होता.

मग या शर्यतीत गव्हाला कधी पुढे राहता येईल का? येतं, पण त्यासाठी पूर्ण विजयाचा हट्ट सोडावा लागतो. ब्राझीलच्या फ्रोंटाना नावाच्या जुन्या गव्हावर तांबेरा यायचा, पण धिम्या गतीने. फोड लहान, कमी, आणि उशिरा फुटणारे. त्यामागे मुख्यतः एलआर ३४ हे जनुक आहे. ते पेशींना मारत नाही आणि बुरशीला आत शिरू देतं, पण तिला झपाट्याने वाढू देत नाही. रोपाच्या बालपणी त्याचा परिणाम दिसत नाही, ध्वजपान आलं की मात्र ते कामाला लागतं. ते असलेल्या वाणांच्या पानांचे शेंडे आपोआप थोडे वाळतात आणि सरावलेला पैदासकार त्यावरूनच ते ओळखतो. २००९ साली स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे जनुक वेगळं काढलं, तेव्हा कळलं की ते पेशीत पदार्थांची ने-आण करणारं प्रथिन बनवतं. बुरशीचा चेहरा ओळखण्याशी त्याचा संबंधच नाही. म्हणूनच शंभरेक वर्षं जगभर पेरलं जाऊनही त्यावर मात करणारी बुरशी निपजलेली नाही. पिवळ्या तांबेऱ्यावर आणि भुरी या रोगावरही ते थोडंफार काम करतं.

एकट्या एलआर ३४ ने भागत नाही, रोगाचा जोर असेल तर तेही थकतं. पण मेक्सिकोच्या 'सिमिट' या आंतरराष्ट्रीय केंद्रात रवी सिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशी चार-पाच अल्प प्रभावाची जनुकं एकत्र आली तर पीक जवळजवळ निरोगी राहतं, आणि ही एकजूट मोडायला बुरशीला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतात. अडचण निवडीची आहे. स्वच्छ, डागरहित रोप दिसलं की ते उचलावंसं वाटतं, पण त्यात एकच बलवान जनुक असू शकतं. टिकाऊपणासाठी पैदासकाराला मुद्दाम थोडा तांबेरा असलेलं रोप निवडावं लागतं. आता बियाण्यातलं डीएनए तपासून अशी जनुकं रोपावस्थेतच ओळखता येतात, त्यामुळे हे काम सोपं झालं आहे.

बलवान जनुकंही वाया जात नाहीत, त्यांची सांगड घातली जाते. निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या केंद्रात पोळीसाठी नावाजलेल्या सी ३०६ या जुन्या वाणात एलआर २४ आणि काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं एक जनुक घालून एचडब्ल्यू २००४ तयार झाला. दाणा जुना, संरक्षण नवं. महाराष्ट्राचंही यात मोलाचं देणं आहे. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यातली खपली ही गव्हाची जात आज मधुमेहींच्या तोंडी असते, पण तांबेरा अभ्यासणाऱ्यांच्या वहीत ती १९२०च्या दशकापासून आहे. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी ठरवलेल्या बारा गव्हांच्या संचात खपलीचा समावेश होता. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी तिचा प्रतिकार 'खॅपस्टीन' या वाणात उतरवला.

इथल्या शेतकऱ्यासमोर आज पर्याय आहेत. निफाडचा फुले समाधान वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो आणि तांबेऱ्याला दाद देत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस ६२२२ आणि एमएसीएस ६४७८ हे वाणही प्रतिकारक म्हणून प्रसारित झाले. साताऱ्याच्या करंजखोप गावात एमएसीएस ६४७८ पेरणाऱ्यांना हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उतारा मिळाला. पूर्वी लोक-१, एचडी २१८९ अशा जुन्या वाणांवर तो २५ ते ३० क्विंटल असायचा. हा सगळा फरक एकट्या तांबेऱ्याचा नाही, पण रोगट पान भरघोस दाणा देत नाही, हेही तितकंच खरं.

या वाणांचा प्रतिकारही कायमचा समजू नये. वाण किती वर्षांपूर्वी प्रसारित झाला आणि अलीकडच्या हंगामांत त्यावर तांबेरा दिसला का, हे बियाणं घेताना विचारावं. सगळं रान एकाच वाणाखाली घालू नये, दोन-तीन वाण पेरावेत. बागायती पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपली तर रोगाचा जोर वाढेपर्यंत दाणा बराच भरलेला असतो. आणि प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर नारिंगी फोड दिसले, तर नुसतं औषध मारून गप्प बसू नये. तो बुरशीचा नवा प्रकार असू शकतो. अशी चार पानं सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालावीत आणि गाव, वाण, तारीख लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यावीत.